जुन्या संगणकावर लिनक्स मिंट: सोलापूरच्या नवशिक्यांसाठी पहिल्या पायऱ्या

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सोलापुरातील कितीतरी दुकाने, कर सल्लागारांच्या कचेऱ्या, अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांची हिशेबाची टेबले आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या येथे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारे संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ज्यांचे यंत्र या अटीत बसत नाही आणि नवे घेण्याची तयारी नाही, त्यांना त्याच यंत्रावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते. ज्यांनी आजवर विंडोजखेरीज काहीच वापरलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात एक आग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे: पहिल्या आठवड्यात डिस्कवरचे काहीही पुसू नये. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि ही सोय असताना ती न वापरता थेट डिस्क पुसण्याचे काहीच कारण नाही.

लिनक्स मिंट म्हणजे काय

जकार्ड मागावर चादर विणताना माग तोच राहतो, पंचकार्डांचा संच बदलला की नक्षी बदलते. संगणकाचे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचे नाते साधारण तसेच आहे. लिनक्स हा त्या प्रणालीचा गाभा असून, फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची घोषणा २५ ऑगस्ट १९९१ रोजी केली. या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, कार्यालयीन सॉफ्टवेअर अशी जोड देऊन जे संच तयार होतात त्यांना डिस्ट्रो म्हणतात. अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि नवशिक्याने त्यांची तुलना करण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिंट २००६ पासून उपलब्ध आहे, ते उबुंटू या प्रसिद्ध डिस्ट्रोवर आधारलेले आहे, आणि त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. विंडोजच्या सवयीप्रमाणे मेनू खाली डाव्या कोपऱ्यात आणि कामाची पट्टी तळाशी असल्यामुळे हात लवकर बसतो.

मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन घ्यावी आणि ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. किमान अट २ जीबीची असली, तरी आजच्या वेबसाइट्स पाहता एवढ्या रॅमवर ब्राउझरचे चार टॅबही सुखाने चालत नाहीत. यंत्र ६४ बिटचे असणे आवश्यक आहे.

आधी आपली कामे लिहून काढावीत

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक जण तो गाळतात, पण लिनक्स आपल्याला चालेल की नाही याचा निकाल येथेच लागतो. एका कागदावर महिन्याभरात संगणकावर होणारी सर्व कामे लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते ब्राउझरमध्ये होते की वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, याची नोंद करावी. ईमेल, बँकेचे व्यवहार, सातबारा उतारा पाहणे, विद्यापीठाचे अर्ज व निकाल, व्हिडिओ पाहणे ही सर्व कामे फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये पूर्वीसारखीच होतात. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस मिंटबरोबरच मिळते आणि ते वर्ड व एक्सेलच्या फाइली उघडते. मात्र गुंतागुंतीची मांडणी थोडी सरकते आणि एक्सेलमधील मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञांचे संच) जसेच्या तसे चालतील याची खात्री धरता येत नाही.

अडचण येते ती विंडोजपुरत्याच बनवलेल्या सॉफ्टवेअरची. टॅली हे त्यांतील पहिले. वाइन नावाच्या साधनाद्वारे विंडोजची काही सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालतात हे खरे, परंतु ज्याच्यावर व्यवसायाचा हिशेब अवलंबून आहे ते काम अशा आधारावर सोपवू नये. पूर्वभागातील यंत्रमाग कारखान्यांत जकार्डच्या नक्षीसाठी वापरली जाणारी, डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअरेही याच गटात धरावीत. लग्नपत्रिका व फ्लेक्सचे काम करणाऱ्यांची कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि श्रीलिपी ही त्रयी विंडोजवरच ठेवणे शहाणपणाचे आहे. इंकस्केप आणि जिंप हे चांगले पर्याय आहेत, पण हातात ग्राहकाचे काम असताना नवे साधन शिकणे परवडत नाही. एमएस-सीआयटी किंवा शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्याने परीक्षा होईपर्यंत संस्थेत असेल तीच प्रणाली घरीही ठेवावी. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी ते लिनक्सवर चालते की नाही हे चाचणीच्या आठवड्यातच पाहावे.

छपाईयंत्राची बाब वेगळी आहे. अलीकडची वायफायवर चालणारी बहुतेक छपाईयंत्रे ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारे जोड-सॉफ्टवेअर) न बसवताही ओळखली जातात आणि एचपीच्या बऱ्याच यंत्रांसाठी लागणारी साधने मिंटमध्ये आधीपासूनच असतात. मात्र आपल्याकडे कचेऱ्यांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाच्या स्वतंत्र पद्धतीवर चालत असल्यामुळे लिनक्सवर त्याला राजी करणे नवशिक्याच्या आवाक्यातले नाही. आपल्या टेबलावर तो असेल, तर विंडोज शेजारी ठेवण्याचा पर्याय आधीच गृहीत धरावा.

यंत्राची तयारी

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि मागांच्या परिसरातील संगणकाच्या पंख्यावर धूळ व सुताचा बारीक तंतू यांचा थर बसलेला असतो. यंत्र संथ चालण्याचे कारण कधी कधी एवढेच असते. म्हणून वीज बंद करून कॅबिनेट उघडावे, ब्लोअरने धूळ उडवावी आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे शक्य असेल तर तो खर्च सर्वांत आधी करावा. यंत्राच्या वेगात तेवढा फरक दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही. त्यात आणखी एक सोय आहे. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की जुने विंडोज आणि सर्व फाइली जशाच्या तशा सुरक्षित राहतात.

त्यानंतर बॅकअप घ्यावा. फोटो, कागदपत्रे, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधील बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावेत आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फाइली उघडतात का हे पाहावे. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली हमखास विसरल्या जातात, तेव्हा तेथे आवर्जून पाहावे.

विंडोजमध्ये दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे बिटलॉकर अथवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजेच डिस्कवरील माहितीला लावलेले कुलूप. काही लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असते, आणि बूटची (संगणक सुरू होण्याची) व्यवस्था बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून कागदावर उतरवून घ्यावी. ती हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी म्हणजे पॉवर ऑप्शन्समधील फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि डिस्कवरील त्याच्या विभागातील (पार्टिशनमधील) फाइलींत लिनक्समधून बदल करता येत नाहीत, म्हणून ते बंद करावे.

पेन ड्राइव्ह तयार करणे

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. नवी पेठेतून नवा आणलात तर उत्तम. जुना असेल तर त्यातील सर्व काही पुसले जाईल, हे लक्षात ठेवावे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आवडीच्या आवृत्तीची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली एकाच फाइलीत बांधलेली) उतरवून घ्यावी. ती सुमारे ३ जीबीची असते, त्यामुळे मोबाइलच्या दैनंदिन डेटा मर्यादेत ती एका दिवशी उतरेलच असे नाही. डाउनलोडच्या पानावर भारतातील सर्व्हर दिसत असेल तर तो निवडावा.

उतरलेली फाइल अस्सल आहे का, हे तपासण्याचा कंटाळा करू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी मिंटच्या संकेतस्थळात शिरून मूळ फाइलीऐवजी छुपा दरवाजा असलेली फाइल लोकांच्या हाती दिली होती. संकेतस्थळावर प्रत्येक फाइलीसाठी शा-२५६ प्रकारची एक लांबलचक खूण दिलेली असते. आपल्या फाइलीची खूण विंडोजमधील सर्टयुटिल (certutil) या आज्ञेने काढून ती अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे. त्यानंतर रुफस किंवा एचर या मोफत साधनाने ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहावी. फाइल नुसती कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवल्यास संगणक त्यावरून सुरू होणार नाही.

चाचणीचा आठवडा

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ लगोलग दाबत राहावी लागते. डेल, लेनोवो आणि एसरवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असूसवर एस्केप किंवा एफ८. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत मिंटचा पडदा समोर येतो. या क्षणी आपल्या डिस्कवर काहीही लिहिले गेलेले नसते. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज पूर्वीसारखेच उघडते.

या अवस्थेत सर्व काही थोडे संथ चालते, तेव्हा वेगावरून मत बनवू नये. येथे यंत्राचे भाग एकेक करून पाहायचे आहेत: वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, पडद्याची प्रखरता, छपाईयंत्र, आणि लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर तो पुन्हा जागा होतो का. वायफाय दिसत नसेल तर निराश होऊ नये. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून त्यातील यूएसबी टेदरिंग चालू केले की बहुधा इंटरनेट लगेच मिळते आणि प्रणाली बसवल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. कामांचा कागद समोर ठेवून प्रत्येक काम एकदा करून पाहावे. संगणक बंद केला की या सत्रात केलेले बदल आणि साठवलेल्या फाइली निघून जातात, हे मात्र लक्षात असू द्यावे.

प्रत्यक्ष बसवणे

वीज जाण्याची शक्यता नसलेली वेळ निवडावी. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आणि पूर्ण भरलेला असावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी तग धरते का हे आदल्या दिवशी पाहावे. विभाग लहान-मोठे करण्याचे काम चालू असताना वीज गेली तर डिस्कवरील माहिती धोक्यात येते.

पडद्यावरील इन्स्टॉल लिनक्स मिंट या चिन्हावर क्लिक केल्यावर प्रश्न एकामागून एक येतात. भाषा म्हणून मराठी निवडता येते, परंतु मी तसे सुचवणार नाही. भाषांतर अपुरे असल्यामुळे मेनू अर्धे मराठी व अर्धे इंग्रजी दिसतात आणि कोणाची मदत घ्यायची झाली तर नावे जुळत नाहीत. मराठी लिहिण्यासाठी प्रणाली मराठीत असण्याची गरज नाही. कीबोर्ड इंग्रजी यूएस ठेवावा, कारण पासवर्ड त्यावरच टाइप करायचा आहे. मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालवण्यासाठी लागणाऱ्या साधनांच्या) चौकटीत खूण करावी. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर येथे एक वेगळा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो लिहून ठेवावा, कारण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर एनरोल एमओके हा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. तो निळा पडदा बिघाडाचा नाही.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. विंडोजच्या शेजारी बसवणे हा पर्याय निवडल्यास डिस्कची वाटणी होते आणि दोन्ही प्रणाली राहतात. संपूर्ण डिस्क पुसून बसवणे हा पर्याय निवडल्यास विंडोज आणि सर्व फाइली जातात. टॅली, कॅप्ट पद्धतीचे छपाईयंत्र किंवा डोंगल यांपैकी काहीही आपल्या कागदावर असेल तर पहिलाच पर्याय घ्यावा आणि मिंटला शक्य तर १०० जीबी जागा द्यावी. किमान २० जीबी लागतेच. मी स्वतः विंडोजचा विभाग लहान करण्याचे काम विंडोजमधीलच डिस्क मॅनेजमेंटमधून आधी उरकून घेणे पसंत करतो. यादीत आपली डिस्कच दिसत नसेल, तर तेथेच थांबावे आणि जाणकाराला विचारावे. बायोसमधील (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) डिस्कची पद्धत अंदाजाने बदलल्यास विंडोज सुरू होणे बंद होऊ शकते. पुढे वेळेचा पट्टा म्हणून कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड, एवढे झाले की बाकीचे काम संगणक स्वतः करतो.

पहिला तास

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर मिंट आणि विंडोज यांतून निवड करण्याची यादी दिसते. मिंट उघडल्यावर स्वागताची खिडकी येते; तिच्यातील पुढील कामे या क्रमाने करावीत. सर्वप्रथम टाइमशिफ्टमध्ये प्रणालीची प्रत साठवण्याची व्यवस्था करावी, म्हणजे पुढे एखाद्या अद्यतनाने गडबड केली तरी आदल्या स्थितीत परतता येते. ही प्रत प्रणालीची असते, आपल्या फोटो-कागदपत्रांची नव्हे. त्यानंतर अपडेट मॅनेजर, मग ड्रायव्हर मॅनेजर, आणि शेवटी फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या रोखणारी सोय) चालू करणे. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तासांनी चुकलेले दिसते. लिनक्स यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर धरते आणि विंडोज स्थानिक वेळेवर, हे त्याचे कारण असून मिंटमध्ये स्थानिक वेळ वापरण्याची आज्ञा एकदा दिली की प्रश्न मिटतो.

मराठी, तेलुगू आणि कन्नड लिहिणे

सोलापुरात एकाच घरात मराठी शाळेचा अभ्यास, तेलुगूतले नात्यांचे संदेश आणि शेजारच्या कन्नड पाहुण्यांचा पत्रव्यवहार चालू शकतो, त्यामुळे हा भाग जरा सविस्तर पाहू.

सेटिंग्जमधील कीबोर्ड, त्यातील लेआउट्स येथे हव्या त्या भाषांच्या मांडण्या जोडता येतात आणि एका मांडणीतून दुसरीत जाण्यासाठी कळींची जोडी ठरवता येते. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाणित मांडणी शिकण्याचे कष्ट घ्यावेत, असे मी आवर्जून सांगेन. ज्या कळीवर मराठीचा ‘क’ असतो त्याच कळीवर तेलुगूचा आणि कन्नडचाही असतो. एकदा बोटे बसली की तिन्ही भाषांचे काम होते, लिपी तेवढी ओळखता यायला हवी. तीत ‘के’वर क, ‘एन’वर ल आणि शिफ्टसह ‘एन’वर ळ आहे. ‘दऱ्या’मधील ऱ्य लिहिण्यासाठी शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’ कळीवरील हलन्त आणि मग य असा क्रम येतो.

ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय आहे, त्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हे भाषा लिहिण्याचे साधन आणि त्याची एम१७एन ही जोड बसवावी. तीत रोमन अक्षरांवरून लिहिण्याच्या आणि इन्स्क्रिप्टच्या मांडण्या मिळतात. टंकयंत्रावर हात बसलेल्या ज्येष्ठांसाठी रेमिंग्टन मांडणीही त्यात असते. बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावे, एरवी नवी मांडणी यादीत दिसत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी मजकुराचा फॉन्ट बदलूनही बदलत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तेथे मराठी निवडावी. देवनागरीचा फॉन्ट रोमनच्या फॉन्टहून वेगळा ठरवावा लागतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेल्या जुन्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांनी भरलेल्या दिसतात. त्या युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घेणे हाच कायमचा उपाय आहे, आणि ते काम विंडोज हाताशी असतानाच उरकावे.

बदलाव्या लागणाऱ्या सवयी

येथे सी ड्राइव्ह नसतो. आपल्या फाइली होम या फोल्डरात राहतात, आणि विंडोजचा विभाग फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूस वेगळा दिसतो. फाइलीच्या नावात रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. सॉफ्टवेअर शोधत इंटरनेटवर हिंडू नये. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाकून घ्यावे, कारण तेथून घेतलेल्या सॉफ्टवेअरची अद्यतने आपोआप येतात. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमधील विंडोजचे व्हायरस येथे चालत नाहीत, परंतु तोच पेन ड्राइव्ह पुढे दुसऱ्याच्या विंडोजला लावला तर ते तेथे पोहोचतात, आणि बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या लिंकपासून कोणतीच प्रणाली वाचवत नाही.

टर्मिनलला (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीला) घाबरण्याचे कारण नाही, पण त्याची निकडही नाही. पासवर्ड टाइप करताना तेथे अक्षरे दिसत नाहीत, एवढे ठाऊक असावे. अर्थ न समजता कुठलीही आज्ञा तेथे चिकटवू नये.

अडल्यास

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे छोटे व्हिडिओ मोफत आहेत आणि त्यांतील अनेक मराठी, तेलुगू व कन्नडमध्येही ऐकता येतात. एखाद्या जाणकाराला विचारताना ‘चालत नाही’ एवढेच न सांगता काय केले, पडद्यावर कोणता संदेश आला आणि यंत्र कोणते आहे हे सांगावे. सिस्टीम रिपोर्ट्समधील सिस्टीम इन्फर्मेशन उघडून तेथील मजकूर कॉपी करून पाठवला की यंत्राची सर्व माहिती एकाच वेळी पोहोचते. चाचणीसाठी बनवलेला पेन ड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला लावू नये. उद्या संगणक सुरू होईनासा झाला, तर त्याच पेन ड्राइव्हवरून मिंट उघडून डिस्कमधील फाइली बाहेर काढता येतात.